पुडी बदलली, पोट तेच

सोलापुरात डुक्कर दोनच निमित्तांनी चर्चेत येतं. महापालिकेने मोकाट जनावरं पकडायची मोहीम काढली की, नाहीतर राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या पन्नास टक्के अनुदानातून कुणी वराहपालनाचा प्रकल्प टाकायचं ठरवलं की. या दुसऱ्या चर्चेत एक वाद हमखास शिरतो: पिल्लांच्या खाद्यात वाढीसाठी अँटिबायोटिक टाकावं की टाकू नये? एका बाजूला 'सगळं नैसर्गिक' म्हणणारे असतात. ते कंपनीच्या पुडीकडे बोट दाखवतात आणि दुसऱ्या हाताने ओव्या-लसणाच्या अर्काची पुडी पुढे करतात. दुसऱ्या बाजूला ज्यांच्या शेडमध्ये खरोखर पिल्लं मेली आहेत ते. त्यांचा सवाल सरळ असतो, "पुडी टाकली की हगवण थांबतीय की ओ, मग अडचण काय?" बोलणं तावातावाने होतं, एकमेकांच्या हेतूंवर शंका घेऊन होतं. पण ज्या पिल्लाच्या पोटावरून हे सगळं चाललंय त्या पोटात नेमकं काय होतं, हे कुणी विचारत नाही.

माझी भूमिका आधीच सांगतो. धडधाकट दिसणाऱ्या पिल्लांना वाढीसाठी म्हणून रोज थोडं थोडं अँटिबायोटिक चारणं बंद व्हायला हवं, आणि त्यात सवलत नको. आजारी पिल्लाला पशुवैद्यकाने तपासून पूर्ण मात्रेत औषध देणं ही निराळी गोष्ट आहे. त्याला माझा विरोध नाही. मात्र बंदी घालून त्या रिकाम्या जागी दुसरी पुडी ठेवणार असू, मग ती हिरव्या पाकिटातली का असेना, तर आपण काहीच बदललेलं नसेल. पिल्लाचं आतडं बिघडतं ते आपण ज्या वयात, ज्या जागी आणि ज्या खुराकावर त्याचं दूध तोडतो त्यामुळे. पैसा आणि अक्कल दोन्ही तिथे लागायला हवीत.

रानात डुकरीण पिल्लांना हळूहळू तोडते. दूध पूर्ण सुटायला अडीच ते चार महिने जातात, आणि तोवर पिल्लू माती उकरून, आईच्या तोंडचं चाखून, दुसऱ्या अन्नाला सरावलेलं असतं. व्यावसायिक शेडमध्ये हेच काम एकविसाव्या ते अठ्ठाविसाव्या दिवशी, एका सकाळी उरकतात. आई गेली, दूध गेलं, जागा बदलली, शेजारी अनोळखी पिल्लं आली आणि समोर कोरडा भरडा. काही पिल्लं एक-दोन दिवस तोंडच लावत नाहीत. आतड्याच्या आतल्या भिंतीवर अन्न शोषून घेणारे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. उपाशी पोटी ते झपाट्याने आखूड होतात, काही दिवसांत निम्म्याच्या आसपासही येतात. दुधातल्या साखरेपासून जठरात लॅक्टिक आम्ल तयार होत असतं, ते थांबतं. आणि स्वतःचं आम्ल पुरेसं तयार करण्याइतकं पिल्लाचं जठर अजून मोठं झालेलं नसतं. आईच्या दुधातून मिळणारी संरक्षक प्रथिनं त्याच दिवशी बंद होतात, स्वतःची प्रतिकारशक्ती मात्र अजून कच्ची असते. त्यात आपण सोयापेंडीचा भरपूर खुराक घालतो, कारण 'प्रोटीन जास्त म्हणजे वाढ जास्त'. न पचलेलं प्रोटीन मोठ्या आतड्यात कुजतं, अमोनिया तयार होतो आणि आतड्याला चिकटून बसणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंचं फावतं. हे जिवाणू त्या शेडमध्ये आधीपासून होतेच. दार आपण उघडलं.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. तो मला मान्यच आहे: पुडी काम करते. 1940 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत थॉमस ज्युक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टाड यांना दिसलं की ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक बनवताना उरणारा चोथा खाऊ घातला तर कोंबडीची पिल्लं जास्त झपाट्याने वाढतात. 1951 साली तिथे खाद्यात अँटिबायोटिक मिसळायला परवानगीही मिळाली. नंतर हजारो शेडमध्ये डुकरांच्या पिल्लांवर हाच अनुभव आला. आतड्यातल्या जिवाणूंची गर्दी कमी झाली की त्यांच्या वाट्याला जाणारं अन्न वाचतं, आतड्याची भिंत पातळ होते, सूज कमी राहते आणि वाचलेली ताकद मांस चढवायला लागते. हे सगळं खरं आहे. पण याच संशोधनातून सुरुवातीपासून पुढे आलेली एक गोष्ट पुडीवाले सांगत नाहीत. शेड जितकी घाण, तितका पुडीचा फायदा मोठा. स्वच्छ, कोरड्या, नीट धुतलेल्या जागेत तो उतरत जातो, काही वेळा मोजताही येत नाही. मग शेतकरी दर पोत्यामागे पैसे मोजतो ते नक्की कशाचे? झाडलोट, पाणी, जागा आणि वेळ यांवर जे वाचवलं, त्याचाच तो हप्ता आहे.

"बंदी घातली तर पिल्लं मरतील," हा दुसरा मुद्दा. यालाही इतिहासाचा आधार आहे. स्वीडनने 1986 मध्ये वाढीसाठीचं अँटिबायोटिक बंद केलं, तेव्हा दूध तोडल्यानंतरची हगवण वाढली, पिल्लं दगावली, वाढ मागे पडली आणि उपचारासाठी लागणारं औषध वाढलं. डेन्मार्कने 1998-99 मध्ये टप्प्याटप्प्याने तेच केलं. तिथेही लहान पिल्लांच्या उपचारांचं औषध चढलं. बंदीचे समर्थक हा भाग गाळतात, आणि त्यामुळेच शेडमधला माणूस त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही. पण गोष्ट तिथे संपली का? स्वीडनमधल्या शेतकऱ्यांनी दूध उशिरा तोडायला सुरुवात केली, खुराकातलं प्रोटीन उतरवलं, बसायला पेंढा घातला, एक गट पूर्ण बाहेर काढून जागा धुतल्याशिवाय दुसरा आत घेणं बंद केलं. डेन्मार्कमध्ये 1992 ते 2008 या काळात डुकराच्या दर किलोमागे वापरलं जाणारं अँटिबायोटिक निम्म्याहून खाली आलं. त्याच सुमारास एका मादीमागे वर्षाला विक्रीला जाणारी डुकरं 21 वरून 25 झाली. धंदा बुडाला असता तर हे आकडे उलटे दिसले असते. आणखी एक गोष्ट तिथे घडली होती, आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची आहे: 1990 च्या दशकाच्या मध्यावरच डेन्मार्कने पशुवैद्यकांना औषधविक्रीतून मिळणाऱ्या नफ्यावर मर्यादा आणली. सल्ला देणारा आणि माल विकणारा वेगळा झाला.

युरोपची ही कहाणी सरळ यशाची म्हणून सांगणारेही अर्धंच सांगतात. 2006 च्या 1 जानेवारीपासून युरोपीय संघात वाढीसाठी अँटिबायोटिक पूर्ण बंद झालं. पण पिल्लू तोडण्याचं वय अनेक ठिकाणी होतं तिथेच राहिलं आणि रिकाम्या जागी झिंक ऑक्साइड, म्हणजे जस्ताचं संयुग, भक्कम बसलं. पिल्लाची गरज खाद्याच्या किलोमागे साधारण 100 मिलिग्रॅम जस्ताची. हगवण रोखायला मात्रा दिली जाई 2500 मिलिग्रॅम. स्वस्त, परिणामकारक, आणि अँटिबायोटिक नव्हे म्हणून मनाला टोचणीही नाही. त्यातलं बहुतेक जस्त शेणातून बाहेर पडून शेतात साचत गेलं, कारण धातू कुजत नाही. जस्ताला न जुमानणारे जिवाणू पुष्कळदा अँटिबायोटिकलाही दाद देत नाहीत, हेही लक्षात आलं. जून 2022 पासून युरोपने ही मात्राही बंद केली. एक पुडी जाऊन दुसरी आली होती हे कबूल करायला त्या श्रीमंत, प्रयोगशाळांनी भरलेल्या खंडाला सोळा वर्षं लागली. आपण तीच वाट पुन्हा चालायची, फक्त जस्ताच्या ऐवजी 'हर्बल' लिहून?

हर्बल पुडीबद्दल मला तुच्छता नाही. ओव्यात थायमॉल असतं आणि ते जिवाणू मारतं, यात शंका नाही. लसूण, दालचिनी यांचंही तसंच. पण काचेच्या बशीत जिवाणू मरणं वेगळं आणि पिल्लाच्या हलत्या, अन्नाने भरलेल्या आतड्यात तेवढी मात्रा टिकणं वेगळं. शेडमधले निकाल कधी चांगले येतात, कधी काहीच फरक पडत नाही. आपल्याकडच्या कित्येक पाकिटांवर कोणता घटक किती हेच लिहिलेलं नसतं. प्रोबायोटिकचं, म्हणजे पोटाला उपकारक जिवाणूंच्या पुडीचं घ्या. लॅक्टोबॅसिलस हे जिवंत जिवाणू आहेत. मे महिन्यात 43-44 अंशांच्या सोलापुरात, पत्र्याच्या दुकानात महिनाभर पडून राहिलेल्या डब्यात त्यातले किती जिवंत राहतात? बीजाणू धरणारे बॅसिलस त्यापेक्षा तग धरतात, पण दुकानदार हा फरक सांगतो का? आम्लाची गंमत तर याहून पुढची. जठराला मदत म्हणून खाद्यात फॉर्मिक किंवा सायट्रिक आम्ल मिसळतात, ते उपयोगीही पडतं. आणि त्याच पोत्यात हाडं मजबूत व्हावीत म्हणून चुनखडीचा मारा केलेला असतो. चुना आम्ल शोषून घेतो. दोन्हींचे पैसे शेतकऱ्याने दिलेले असतात.

"ते डेन्मार्क, हे सोलापूर. तिथले थंड शेड आणि तिथला पैसा आपल्याकडे कुठून आणायचा?" हा आक्षेप मला सगळ्यात रास्त वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. हवामान खरंच आडवं येतं. तापमान 25 अंशांच्या वर गेलं की दूध पाजणारी मादी खाणं कमी करते, दूध आटतं आणि पिल्लं हलकी राहतात. हलकं पिल्लू तोडलं की त्याचं आतडं सगळ्यात आधी हार मानतं. हिवाळ्यात उलट: दूध तोडलेल्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात 28 अंशांच्या आसपास ऊब लागते आणि पहाटेची शेड निम्म्यावर असते. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही तिथे शेड किती वेळा धुवायची, हाही प्रश्न आहेच. पण या सगळ्यातून निष्कर्ष काय निघतो? माझ्या मते हाच, की अठ्ठाविसाव्या दिवशी दूध तोडायचं वेळापत्रक इथे आणायलाच नको होतं.

हिशेब करून पाहू. मादीचा गाभणकाळ 114 दिवसांचा. 28 दिवस दूध आणि पुन्हा माजावर यायला आठवडा धरला तर 149 दिवसांचं चक्र, म्हणजे वर्षाला सुमारे 2.45 वेत. दूध 42 दिवस ठेवलं तर चक्र 163 दिवसांचं, वेत 2.24. वेताला नऊ पिल्लं धरली तर मादीमागे वर्षाला दोन पिल्लं कमी. नुकसान आहे, ते झाकायचं कारण नाही. मादी थकते, तिला जास्त चारावं लागतं, हेही आलं. पण लवकर तोडलेल्या बावीस पिल्लांत दहातलं एक जरी हगवणीने गेलं तरी दोन पिल्लं गेलीच. शिवाय वाचलेल्यांची खुंटलेली वाढ आणि पुड्यांचा खर्च वेगळा. मोठ्या, थंडगार, यंत्राने चालणाऱ्या शेडसाठी हा ताळा वेगळा निघेल. आपल्या दहा-वीस माद्यांच्या शेडसाठी तो उशिरा तोडण्याच्या बाजूने झुकतो. शहराच्या कडेला पिढ्यानपिढ्या डुकरं पाळणारी कुटुंबं पिल्लू दोन महिन्यांचं होईपर्यंत आईखाली ठेवत आली, देशातल्या जुन्या शिफारशीही आठ आठवड्यांच्याच होत्या. त्यांच्या पद्धतीत दोष पुष्कळ. खरकटं न उकळता घालणं हा तर आफ्रिकन स्वाइन फिव्हरच्या काळात घातकच, आणि त्या विषाणूवर कोणतीच पुडी चालत नाही. पण दूध तोडण्याबाबत ते बरोबर होते. प्रकल्प अहवाल लिहिणाऱ्यांनी त्यांना विचारलं नाही, कारण त्यांच्याकडून शिकण्यासारखं काही असेल असं कुणाला वाटलंच नाही.

खुराकाचंही तसंच. प्रोटीन 22-23 टक्क्यांवरून 18 च्या जवळ आणून लायसिन, थ्रिओनिनसारखी अमिनो आम्लं वरून दिली तर कुजण्यासारखं कमी उरतं आणि वाढ फारशी मागे पडत नाही. पिल्लू आईखाली असतानाच दहाव्या दिवसापासून चिमूटभर भरडा समोर ठेवला तर तोंडाला चव लागते. दुधाची साखर हवी म्हणून आयात व्हे पावडरच (चीज-पनीरच्या उरलेल्या पाण्याची भुकटी) हवी असं कुठे आहे? पंढरपुरी म्हशींच्या या जिल्ह्यात पनीर करणाऱ्यांकडे रोज पाणी उरतं. इटलीत चीजच्या उरलेल्या पाण्यावर डुकरं पोसण्याची जुनी रीत आहे. आपल्या उन्हात ते काही तासांत बिघडतं, त्यामुळे ताजंच द्यावं लागेल, आणि हे सगळ्यांना जमणार नाही. पण जवळपास पनीरचं युनिट असेल त्याने निदान चौकशी करायला काय हरकत आहे?

काही जण म्हणतात, जिल्ह्यात डुकरं ती किती, आणि अँटिबायोटिकचा खरा गैरवापर तर माणसांच्या दवाखान्यात होतो; मग इथेच का अडून बसायचं? दवाखान्याबद्दलचं म्हणणं खरं आहे. पण 2015 च्या नोव्हेंबरमध्ये चिनी शास्त्रज्ञांनी कोलिस्टिनला न जुमानणारं एमसीआर-1 हे जनुक जाहीर केलं, ते डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही सापडलं होतं. कोलिस्टिन म्हणजे अतिदक्षता विभागात बाकी औषधं हरल्यावर काढायचं औषध. हे जनुक एक जिवाणू दुसऱ्याला सहज देऊ शकतो. चीनने 2017 पासून खाद्यातलं कोलिस्टिन थांबवलं आणि पुढच्या पाहण्यांत डुकरांमध्ये व माणसांमध्येही या जनुकाचं प्रमाण उतरलं. शेड आणि दवाखाना यांच्यात भिंत नाही, याला यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणता हवा? अलेक्झांडर फ्लेमिंगने 1945 च्या नोबेल भाषणात अपुऱ्या मात्रेचा धोका सांगितला होता. वाढीची पुडी म्हणजे अपुरी मात्रा, तीही रोज.

आणि सोलापूरकराला हे चीनवरून शिकायची गरज तरी काय? डाळिंबावर तेल्या हा जिवाणूंमुळे होणारा रोग आला तेव्हा बागांमधून काय फवारलं गेलं ते आठवा. स्ट्रेप्टोसायक्लिन. त्यातलं स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगाचं औषध. फवारणीवर फवारणी झाली, तेल्या गेला नाही. बागा सावरल्या त्या बहार बदलल्याने, झाडाला विश्रांती दिल्याने, रोगट फांद्या छाटून जाळल्याने, कात्री निर्जंतुक केल्याने. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा बागेच्या स्वच्छतेवरचा भर याच कारणाने आहे. डिसेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारने या मिश्रणाचा शेतीतला वापर थांबवण्याचा मसुदाही काढला. जो शेतकरी बागेत हे समजून चुकला, त्यालाच शेडमध्ये पुडी सुचवली जाते, आणि तो घेतोही.

बंदीचा कागद पुरेसा नाही, हेही आपल्याला ठाऊक असायला हवं. गिधाडांचा जीव घेणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक जनावरांसाठी 2006 मध्ये बंद झालं. तेव्हाही 'गरीब शेतकऱ्याचं स्वस्त औषध' हाच युक्तिवाद होता, मेलॉक्सिकॅमसारखा पर्याय हाताशी असताना. बंदीनंतर माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या. 2015 मध्ये इंजेक्शनची बाटली 3 मिलिलिटरवर आणली तेव्हा कुठे त्या वाटेवर अडसर बसला. कोलिस्टिन अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांना देण्यावर आपल्याकडे जुलै 2019 मध्ये बंदी आली. पण खाद्य विकणारा तोच, हगवण झाली की सल्ला देणारा तोच आणि पुडी काढून देणाराही तोच, ही रचना जशीच्या तशी आहे. ती मोडल्याशिवाय एका औषधाचं नाव कापून दुसरं लिहिलं जाईल, एवढंच.

म्हणून वादाची जागा बदला. वराहपालनाच्या प्रकल्पाला 30 लाखांपर्यंत अनुदान द्यायचं तर अहवालात विणीच्या जागेत सावली आणि फॉगर (पाण्याचे बारीक फवारे), तोडलेल्या पिल्लांसाठी वेगळा कोरडा, उबदार कप्पा आणि 42 दिवसांच्या आत दूध न तोडण्याची अट लिहून घ्या. आज तपासणी होते ती शेडच्या चौरस फुटांची. खाद्याच्या प्रत्येक पोत्यावर आणि पुडीवर, 'हर्बल'वरही, घटक आणि मात्रा छापायला लावा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात हगवणीचा नमुना तपासून कोणतं औषध लागू पडतं ते सांगण्याची सोय करा, म्हणजे खऱ्या आजारात औषध नाकारलं जाणार नाही. आणि पहिली दोन वर्षं, घडी बसेपर्यंत, मादीमागच्या त्या दोन पिल्लांची तूट अनुदानातून भरून द्या. स्वीडनच्या शेतकऱ्यांनी तो पहिला फटका सोसला; दहा माद्यांवर घर चालवणाऱ्याने तो एकट्याने सोसावा असं मी म्हणणार नाही.